एकतीस बैठका आणि एक खिट्टी

"कोणाच्या कंपनीचं या विषयात पेटंट आहे का? असेल तर आत्ताच सांगा."

मोजमापांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी कार्यालयातल्या सचिवबाई प्रत्येक बैठक या प्रश्नाने सुरू करत. समिती होती व्हीलचेअरच्या चाकाची. कुठल्याही कारखान्याचं चाक कुठल्याही खुर्चीला बसावं आणि त्याचा आराखडा सगळ्यांना खुला असावा, एवढंच काम. एवढ्याला सहा वर्षं लागली. बाईंच्या भावाची खुर्ची एका चाकाअभावी चार महिने भिंतीला टेकून पडली होती, म्हणून बाई टिकल्या. नाहीतर केव्हाच बदली मागितली असती.

बाईंनी प्रश्न विचारला की समितीतले एका मोठ्या कंपनीचे इंजिनियर चहात बिस्कीट बुडवत म्हणत, "नाही हो बाई. किती वेळा विचाराल?" बाकीचे हसत. बाई लिहीत, 'विचारले. सर्वांनी नाही म्हटले,' आणि सगळ्यांच्या सह्या घेत.

शेवटी आराखडा मंजूर झाला. पाच छोट्या कारखान्यांनी चाकं करायला घेतली. तिसऱ्याच महिन्यात त्यांना मोठ्या कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं: चाक अडकवायच्या खिट्टीचं पेटंट आमचं आहे, दर चाकामागे परवाना शुल्क भरा, नाहीतर काम थांबवा.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तातडीची बैठक बोलावली. इंजिनियरांनी कानांवर हात ठेवले. "पेटंटचं कायदा विभाग बघतो. मला काय माहीत?"

"खिट्टी तुम्हीच सुचवलीत की! चौदाव्या बैठकीत."

"जाऊ द्या ना बाई, जुनं कशाला उकरता?" समितीचे अध्यक्ष म्हणाले.

बाईंनी एकतीस बैठकांची इतिवृत्तं टेबलावर आपटली. प्रत्येकावर इंजिनियरांची सही होती. "मग सहा वर्षं मी काय भिंतीला विचारत होते?"

त्या सह्यांपुढे कंपनीने परवाना फुकट द्यायचं कबूल केलं. पण मसुदा आला तो 'विनामूल्य'ऐवजी 'वाजवी दरात' असा. बाईंनी ते खोडलं. कंपनीने पुन्हा घातलं. हे खोडणं-घालणं अकरा महिने चाललं; तोवर पाचही कारखान्यांत चाकांचं काम बंद. शेवटी वैतागून बाईंनी कळवलं, की आराखडाच रद्द करून दुसऱ्या खिट्टीचा काढू. आठ दिवसांत 'विनामूल्य' लिहून आलं.

चार कारखान्यांनी काम पुन्हा सुरू केलं. पाचव्याच्या मालकीणबाईंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "लेथ मशीन विकून टाकलं हो. किती दिवस झाकून ठेवणार?" बाईंनी फोन ठेवला आणि कोरा कागद पुढे ओढला.

दुसऱ्या दिवशी बाई एक कागद घेऊन अध्यक्षांकडे गेल्या. यापुढे पहिल्या बैठकीआधीच प्रत्येक कंपनीच्या कायदा विभागाने पेटंटबद्दल लेखी द्यायचं, असा नियम त्यात होता.

"पुढच्या बैठकीत बघू," अध्यक्ष म्हणाले.

"नाही. आत्ता."

बाई पेन उघडून समोर उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी दोन फोन केले, घड्याळ पाहिलं, खिडकी लावून घेतली. बाई जागच्या हलल्या नाहीत. मग अध्यक्षांनी सही केली. बाईंनी शिक्काही तिथेच मारून घेतला.