विहीणबाईंचे हुतात्मे

वैजयंती साठेच्या तोंडात तीळ भिजत नसे. इंग्लंडमध्ये, साउथहॅम्प्टनच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसून तिनं पेशंटांची गुपितं कशी सांभाळली, देव जाणे. रविवारी ती हिस्ट्री सोसायटीच्या मंडळींबरोबर चर्चच्या आवारातली जुनी थडगी साफ करायची. मेलेल्यांबद्दल तरी मोकळेपणानं बोलता येतं, असं तिचं म्हणणं.

१९८७ साली तिच्या मीनलचं टॉड नावाच्या अमेरिकन मुलाशी लग्न ठरलं आणि आठवडाभर आधीच विहीणबाई, म्हणजे बार्बरा, येऊन थडकल्या. आल्या त्या एकच पुराण घेऊन. त्यांच्या माहेरचे मूळपुरुष, कनेक्टिकटमधल्या हॅडलो गावचे ओबडाया पिंकनी, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांशी लढताना धारातीर्थी पडले. प्रेतही मिळालं नाही. बायकोनं, ॲबिगेलनं, तान्ह्या मुलाला बापाच्या शौर्याच्या गोष्टी सांगत वाढवलं. लग्नाच्या जेवणात बार्बराबाई याच हुतात्म्यावर भाषण करणार होत्या.

वैजयंतीला चहाचा ठसका लागला. गेल्याच वर्षी तिनं स्वतःच्या हातानं शेवाळ खरवडलेल्या दगडावर कोरलेलं होतं: ओबडाया पिंकनी, हॅडलो, कनेक्टिकट, इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ, मृत्यू १८११.

"लग्न होईपर्यंत तोंड शिवून ठेव," हरीशनं बायकोला बजावलं. "विहीण रुसली तर मीनलला जन्मभर ऐकावं लागेल."

"अहो, पण सोसायटीची सगळी माणसं हॉलवर येणारेत. त्यांनी तो स्टोन वाचलाय. भाषणात हसली तर?"

चारचौघांत हसं होण्यापेक्षा रुसवा परवडला. दुसऱ्या दिवशी ती विहिणीला थडग्यापुढे घेऊन गेली. बार्बराबाईंनी दगड वाचला, पुन्हा वाचला. वैजयंतीला वाटलं, मोडलं लग्न.

"म्हणजे हा इंग्रजांना मिळून पळाला," अखेर त्या म्हणाल्या, "आणि इथं आरामात म्हातारा होऊन मेला."

"लढाईत माणसं पळतातच. आमचे पूर्वजही पानिपतावरून पळून आले, म्हणून तर आमचं घराणं शिल्लक आहे."

बार्बराबाई इतक्या हसल्या की त्यांना थडग्यालाच टेकावं लागलं. मग त्यांनी डोळे पुसले.

"ॲबिगेलला ठाऊक असणार. तरी तिनं एकटीनं शेत सांभाळलं, आणि पोराला मान वर करून जगता यावं म्हणून बाप रणात मारला."

लग्नात त्या ॲबिगेलवरच बोलल्या. कुणी हसलं नाही. वैजयंती मात्र ढसाढसा रडली, आणि भाषण संपल्यावर तिनं विहिणीला घट्ट मिठी मारली.