नाल्याच्या वाटेनं धामणगाव

मी गाव सोडलं त्या दिवशी बा नेहमीच्या वाटेनं गेला नाही.

आमच्या गावाहून धामणगावच्या ठेसनावर जायला दोन वाटा होत्या. एक बैलगाडीची, लांबची. दुसरी नाल्याकाठची, जवळची. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून तीन वर्षं बानं नाल्याच्या वाटेवर पाय ठेवला नव्हता. बाजार असो की कुणाची मयत, भर उन्हात वळसा घालून जायचा, पण तिकडून नाही. का, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. नाल्याकाठी शिंदीची झाडं होती, आणि शिंदी उतरवणारा कोंडबा तिथंच झोपडी घालून राहायचा.

बाच्या डोक्यावर माझी पत्र्याची पेटी, माझ्या हातात भाकरीचं गाठोडं. माय दारात उभी. आम्ही कोपऱ्यावर नाल्याकडे वळलो तशी तिनं मागून हाक मारली, "अवो, तिकडून काऊन?"

बा मागं न पाहता म्हणाला, "जवळ पडते."

मायचा चेहरा मी पाहिला. मी सतरा वर्षांचा होतो, अकोल्याच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला निघालो होतो. मला वाटलं, पोराला घालवायचं दुःख बाला झेपलं नाही. आज हा पिणार.

हे सगळं आता लिहायचं कारण माझ्या घरातला वाद. मी हल्ली अमरावतीला पोराजवळ राहतो. नातू तन्मय बारावी झाला, पुण्याला होस्टेलवर निघाला. माझा पोरगा मिलिंद म्हणतो, जायच्या आधी त्याला घरीच, आपल्यासमोर, थोडी बिअर द्यावी, म्हणजे बाहेर गेल्यावर पोरगं वाहवणार नाही. त्यानं मोबाईलवर कुठंतरी वाचलं. सून म्हणते, या घरात दारूचं नावही निघता कामा नये. दोघंही शिकलेले, दोघंही रागावलेले. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी चौथीच्या पुढे शाळा पाहिली नाही, पण या विषयात मला कुणी शिकवायला येऊ नये. गावात राहिले त्यांनी आणि माझ्यासारखे गाव सोडून गेले त्यांनी, दोघांनीही वाचावं म्हणून लिहायला बसलो.

आधी माझा बा कसा प्यायचा ते सांगतो. लोक म्हणतील, दारुड्या बाप म्हणजे मारझोड. तसं नव्हतं. बा एका कास्तकाराकडे सालदार होता, म्हणजे वर्षभर बांधलेला गडी. दिवसभर तोंड शिवल्यासारखा राबायचा. संध्याकाळी नाल्यावरून आला की दुसराच माणूस. मला खांद्यावर घ्यायचा, गावभर मिरवायचा, मोठ्यानं गाणं म्हणायचा. माझ्या गालाला दाढी घासायचा. त्याच्या तोंडाचा तो आंबूस वास मला लहानपणी घाण वाटला नाही. तो वास आला की मी पळत दारात जायचो. त्या वासाच्या मागं बा यायचा.

मायचं दुःख वेगळं होतं. सकाळी बा उठायचा नाही. कास्तकाराच्या शिव्या दारात यायच्या आणि माय बाच्या वाटचंही काम करायची. वखराच्या मागं बाईमाणूस पाहिलं आहे का कुणी? मी पाहिलं आहे. माझी माय होती ती.

मग दसऱ्याला गावातले लोक नागपूरला गेले, बाही गेला. पांढरे कपडे घालून परत आला. दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्यातले देव घराबाहेर काढले आणि त्यांच्यामागं शिंदीचं मडकंही फोडून टाकलं. आम्ही सगळ्यांनी हात जोडून शपथ घेतली, दारू पिणार नाही. बानं ती पाळली. एकदाही चुकला नाही. माय त्या वर्षी अंगानं भरली, पहिल्यांदा हसताना दिसायची.

पण बा मला खांद्यावर घेईनासा झाला. मी तसाही मोठा झालो होतो म्हणा. गाणं थांबलं, दाढी घासणं थांबलं. शुद्धीतला बा माझ्याकडे पाहायचासुद्धा नाही, "दावं आण," "बैल सोड," एवढंच. सगळं गाव म्हणायचं, याच्या बापानं जिंदगी सुधरवली. आणि मी, मायला सांगता येत नव्हतं, कुणाला सांगता येत नव्हतं, त्या जुन्या बाची वाट पाहायचो.

तर त्या सकाळी आम्ही नाल्यावर पोचलो. कोंडबानं नुकतीच झाडावरून मडकी उतरवली होती. सरकारची बंदी होती म्हणतात, पण सरकार काही आमच्या नाल्यापर्यंत येत नव्हतं. बाला पाहून तो हसला. "का लेका, वाट चुकला का तीन वर्साची?"

"प्याले नाई आलो," बा म्हणाला. पेटी खाली ठेवली. "पोराले दाखवाले आलो."

कोंडबा आणखी हसला. "याले काय दाखवतं? तुह्या खांद्यावर बसून वास घेत घेतच तं वाढलं हे पोट्टं."

बा हसला नाही. त्यानं एक मडकं उचललं, अंगापासून लांब धरलं, स्वतःचं तोंड दुसरीकडे केलं आणि माझ्या नाकापाशी आणलं. म्हणाला, "वास घे."

मी घेतला.

"काय आठोलं?"

काय बोलावं ते मायनं शिकवून ठेवलं होतं, की घाण आहे, वाईट आहे. पण तोंडातून निघून गेलं, "तुमी."

बानं मडकं कोंडबाला परत दिलं आणि नाल्याच्या दरडीवर बसला. "मले तेच भेव होतं," म्हणाला.

मग बा जेवढं बोलला तेवढं त्याच्या आधी कधी बोलला नव्हता, नंतरही नाही. म्हणाला, "सारे बाप पोराले सांगतेत, दारू कडू हाय, जहर हाय. खोटं बोलतेत. पोट्टं एकदा तोंडाले लावते, त्याले गोड लागते, मंग ते बापाचं दुसरंबी काही खरं मानत नाई. हे गोड हाय. सकाळी तं लयच गोड. जीव हलका होते. मी तुले खांद्यावर घेत होतो, ते तुले आवडे. मले मालूम हाय. पन मोकळ्या डोक्यानं मले पोराचा लाड करता नाई आला. लाज वाटे."

कोंडबा झोपडीत निघून गेला. त्याला कळलं असावं.

"तिकडे तुले घराची याद येईन," बा म्हणाला. "तवा कोनीतरी हे समोर ठेवीन. वास येईन अन् तुले वाटंन, बा आला. तो मी नसीन. येवढं ध्यानात ठेव. पेशीन का नाई ते तुह्या हाती, मी तिथं हात धराले येनार नाई."

मला रडू येत होतं, पण सतराव्या वर्षी रडायची सोय नसते. बानं पेटी डोक्यावर घेतली आणि आम्ही चालू लागलो.

धामणगावला गाडी आली. बानं पेटी आत ढकलली, खाली उतरला, मग पुन्हा चढला. मला काही कळायच्या आत त्यानं मला छातीशी धरलं. त्याला ते नीट जमलंही नाही. माझी टोपी पडली, त्याचा खांदा माझ्या नाकावर आदळला. मागची बाई म्हणाली, भाऊ, गाडी सुटली, उतरा. बा चालत्या गाडीतून उतरला. माझ्या नाकात राहिला तो त्याच्या सदऱ्याचा वास: घाम, कापसाची पऱ्हाटी, आणि सकाळच्या कडुनिंबाच्या काडीचा. हा वास माझ्या ओळखीचा नव्हता. बडनेरा येईपर्यंत मी तोच घेत होतो.

अकोल्याचं काय सांगू? जिनात कापसाचे तंतू हवेत उडायचे, नाकात, भुवयांत, भाकरीतसुद्धा. संध्याकाळी आम्ही सगळे म्हाताऱ्यासारखे पांढरे दिसायचो. पत्र्याच्या एका खोलीत पाच-सहा जण राहायचो. त्यात मायच्या नात्यातला सदामामा होता, त्यानंच मला कामाला लावलं. चांगला माणूस. आजारी पडलो तेव्हा त्यानं माझे पाय चेपले. सुट्टीच्या दिवशी ते सगळे प्यायला बसायचे, मी बाहेर ओट्यावर. एकदा त्यानं आत बोलावलं, माझ्यासमोर शिंदीचा पेला ठेवला.

"घ्या भाचेबुवा. अकोल्यात येऊन काय दूधच पेशीन?"

त्या दिवशी माझं गावाकडे लागलेलं मन काही केल्या परत येत नव्हतं. पेला तोंडाजवळ आणला आणि झालं. बा आला. खांद्यावर घेणारा, गाणारा. दाढी टोचली म्हणा ना गालाला. सगळे पाहत होते. मी एक घोट घेतला.

लपवत नाही, घेतला. आंबट, कोमट, घशाला चरचरणारं पाणी. मी थांबलो. वासात बा होता, घोटात नव्हता. पेल्यात पुन्हा नाक घातलं तर वासातूनही जायला लागला होता. मी पेला मामाकडे सरकवला. एक जण म्हणाला, पोट्ट्याले वासानंच चढली. मामानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याला म्हणाला, "गप रे. ते गावाले गेलं हाय."

पुढच्या सुट्टीला मी खरंच गावाला गेलो. बा शेतात पऱ्हाट्या उपटत होता. मी घरी न जाता तसाच बांधावर गेलो, त्याच्या बाजूच्या ओळीला लागलो आणि उपटता उपटता सांगून टाकलं. शपथ मोडली म्हणून तो चिडेल असं वाटलं होतं.

बानं विचारलं, "कसं लागलं?"

"आंबट."

त्यानं दोन-चार पऱ्हाट्या उपटल्या. मग वर न पाहता म्हणाला, "अन् मी होतो का?"

"नाई."

तो ओळ संपेपर्यंत उपटत राहिला. ओळीच्या शेवटी कंबर सरळ केली, मातीचा हात माझ्या मानेवर ठेवला आणि म्हणाला, "मंग सुट्टी भेटली का घरी येत जाय."

मी येत गेलो. नंतर पेल्याला हात लावला नाही, त्यात माझी काही बहादुरी नाही. ज्याच्यासाठी प्यायचं तो तिथं नव्हता, एवढं मला कळलं होतं. बाही काही लाडिक झाला नाही. पण दर वेळी निघताना मानेवर हात यायचा.

बा गेल्यावर मायनं एक गोष्ट सांगितली. मी अकोल्याला निघालो त्या दिवशी ती चूल न पेटवता दारातच बसून होती. बा परत आला तशी उठली आणि त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. बा हसला म्हणे. मी विचारलं, तो कोणत्या वाटेनं आला होता? माय म्हणाली, "लांबच्या."

म्हणजे मला घालवून एकटा परतताना त्यानं नाल्यावरून यायची हिंमत केली नाही. माझ्यासाठी एकदाच गेला. त्याचं मन किती ओढलं असेल, ते मला त्या वयात कुठं कळणार?

आता तिथं ना शिंदी राहिली, ना कोंडबा. आमच्या घराच्या जागी पुतण्यानं स्लॅबचं घर बांधलं. मी गेलो की चहा मिळतो, मान मिळतो, पण रात्री झोप येत नाही.

मिलिंदला मी शेवटी एवढंच विचारलं, "तू बँकेच्या पार्टीत पेतं, तवा कसा होतं, ते पोराले सांगतलं का?"

तो म्हणाला, "बाबा, ते कायले?"

"त्याले मालूम हाय. तू घरी येऊन त्याच्या केसातून हात फिरवतं, गाडी घेऊन देतो म्हनतं. बाकीचे दिवस मोबाईलात राहतं. बिअर आन नाई तं नको आनू, ते तुमी नवरा-बायको पाहा. कोन्या वयात द्याची ते मले विचारू नका. पन आधी त्याच्यासोबत खरं बोल, अन् मोकळ्या डोक्यानं बोल."

मिलिंदला राग आला. येऊ द्या, बापाचं ऐकून राग येणारच. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तन्मयला घेऊन गच्चीवर गेला. काय बोलले मला माहीत नाही. सून दोनदा जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. खाली आले तेव्हा दोघांचेही डोळे लाल होते. बिअर काही घरात आली नाही, आणि सून म्हणत होती तसं दारूचं नाव न काढणंही राहिलं नाही.

परवा बडनेऱ्याला पोहोचवायला गेलो. तन्मयच्या पाठीवर ती मोठी बॅग, कानात वायरी. गाडी लागली तसा मिलिंद त्याच्यापुढे उभा राहिला, काय करावं ते त्याला सुचेना, मग त्यानं पोराला एकदम ओढून छातीशी धरलं. बॅग मध्ये आली, कानातली वायर निघाली, चष्मा वाकडा झाला. बापालाही नीट जमत नव्हतं आणि पोरालाही.

तन्मयनं बापाच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, तुम्ही पण या ना."

मी गेलो नाही. जरा लांबच उभा राहिलो. मला तिथूनच तो वास येत होता: घाम, पऱ्हाटी, कडुनिंबाची काडी. अमरावतीच्या बँकेत बसणाऱ्या माझ्या पोराच्या सदऱ्याला पऱ्हाटीचा वास कुठून येणार, ते मला विचारू नका. मला आला.