विहारातलं वाचन

आमचं गाव घाटंजीपासून फार लांब नाही. आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. निंदणाहून परतलेल्या बाया हातपाय धुऊन, पांढरी साडी नेसून येतात आणि तासभर ऐकत बसतात. माझी मुलगी चौथीत असताना पहिल्यांदा तिथं वाचायला बसली, आणि पुढच्या वर्षीही तीच बसली. तिचं वाचन सावकाश आणि स्पष्ट असायचं. लांबलचक वाक्य आलं तर कुठं थांबायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मग कोरोनात शाळा बंद झाल्या, विहारही बंद झाला. मी अंगणवाडी सेविका. घरात स्मार्टफोन एकच, तो माझ्या कामाचा. बोंडअळीनं लागोपाठ दोन वर्षं कपाशीची वाट लावली होती, तेव्हा दुसरा फोन घ्यायचा विषयच नव्हता. लेकरांची वजनं घेऊन मी घरी आले की फोन तिच्या हातात जायचा. रेंज फक्त स्लॅबवर मिळायची, म्हणून ती जिन्याच्या सावलीत बसायची. शाळेचा व्हिडिओ लावायची आणि तो अर्धा व्हायच्या आत अंगठा दुसरीकडं सरकायचा. मिनिटभर हे, मिनिटभर ते. खाली तिचा बाप मला म्हणायचा, "पोरगी अभ्यास करून राह्यली." मलाही तसंच वाटायचं. ती घरात होती आणि शांत होती.

विहार पुन्हा उघडला तेव्हा ती आठवीत होती. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी तिलाच पुढं बसवलं. पहिला परिच्छेद नीट झाला. दुसऱ्यात तिनं एक ओळ दोनदा वाचली. मग एक ओळ सुटली, अर्थ लागेना, ती मागं गेली आणि जागाच सापडेना. वाचता वाचता तिचा हात मांडीजवळ काहीतरी चाचपत होता. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी माझ्या मोठ्या जावेनं ग्रंथ आपल्याकडं ओढला आणि पुढचं वाचलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, मी उद्यापासून नाही येत."

"काहून?"

"ओळ डोक्यात रायतच नाही. पुढच्या ओळीवर गेलं का मागची निघून जाते. अन् मधातच वाटते, फोन वाजून राह्यला. वाजत नाही, मले माहीत आहे. तरी वाटते."

तिला रडू आलं. ती रडकी नव्हती, म्हणून मी घाबरले. त्या दिवसापासून मी फोन अंगणवाडीच्या कपाटात ठेवून यायला लागले. संध्याकाळचे मेसेज मला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसायचे, त्यापायी पर्यवेक्षिका बाईंची बोलणीही खाल्ली. घरात तर पहिला आठवडा फार वाईट गेला. पोरगी उगाच उठायची, दारात जाऊन उभी राहायची, ताटावरून भांडायची. एकदा मला म्हणाली, "कंटाळा आला तं मी करू काय, ते तं सांग!" मी तिला शेंगा सोलायला बसवलं.

वाचनाचं मात्र जावेनं मनावर घेतलं. ती घरी आली आणि मुलीला म्हणाली, "तू एकच पान वाच. बाकी मी वाचतो. पण माह्यं वाचन आयकत बस, चुकलं तं टोक."

जाऊ मोठेपणी अक्षरं शिकलेली, वाचायची अडखळत. तिला टोकायचं म्हणजे मुलीला प्रत्येक शब्दावर नजर ठेवावी लागे. सुरुवातीला जावेच्या चुका तिच्या ध्यानातच यायच्या नाहीत. हळूहळू यायला लागल्या. "मोठ्याई, 'करुणा' आहे ते, 'कारण' नाही." बाया हसायच्या, जाऊही हसायची.

पोळा होऊन गेल्यावर एका संध्याकाळी मुलीचं पान संपलं. जावेनं हात पुढं केला, पण मुलीनं पान उलटलं आणि पुढं वाचत राहिली. जावेनं हात मागं घेतला. त्या दिवशी तिनं चार-पाच पानं वाचली. दोनदा अडली, पण जागा तिची तिनंच शोधली. स्वयंपाकाची वेळ टळून गेली तरी कुणी उठलं नाही. आश्विन पौर्णिमेला समारोपाचं वाचनही तिनंच केलं.

सगळं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. दहावीच्या वर्षी मी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "पहिले वाचाले काही लागत नव्हतं, आपोआप व्हायचं. आता मले धरून बसा लागते स्वतःले."

सध्या ती यवतमाळला होस्टेलवर असते. तिथं तिला स्वतःचा फोन द्यावाच लागला. ती आणि तिची खोलीतली मैत्रीण अभ्यासाला बसताना एकमेकींचे फोन आपापल्या पेटीत कुलूप लावून ठेवतात. कधी हे जेवणापर्यंत टिकतं. कधी, ती सांगते, तास व्हायच्या आत दोघीही किल्ली हातात घेऊन उभ्या असतात.