नारबोदीबरोबर गेलेली गाडी

ग्यानीराम रहांगडाले यांच्या घरी म्हातारपण काढायला आलेल्यांची कमतरता नव्हती. नांगराला निकामी झालेला एक बैल होता. त्याला बाजार दाखवायचा विषय कोणी काढला की ग्यानीराम पानावरून उठून जायचे. एक रेडिओ होता, तो पाठीत धपाटा खाल्ल्याशिवाय तोंड उघडत नसे. पाती वाकलेला धान उडवायचा पंखा होता, तीन पायांची बाज होती. इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या नवाटोला गावात काहीही मोडलं की लोक म्हणायचे, "फेकू नोको, ग्यानीरामले दे."

त्यामुळे २०१५ च्या उन्हाळ्यात दिल्लीहून मुलाचा फोन आला, तेव्हा जे झालं ते होणारच होतं.

"बाबूजी, गाडी आता दिल्लीत चालवता येत नाही," लोकेंद्र म्हणाला. "डिझेलची आहे आणि दहा वर्षांच्या वर झाली. रस्त्यावर दिसली तर उचलून नेतील."

"काऊन? चोरीची आहे का?"

"नाही हो. धुरामुळे."

"एवढा धूर तं तुह्या मायच्या चुलीचा निंगते. उद्या तिलेबी दिल्लीत येऊ नाही देनार का?"

लोकेंद्र हसला नाही. "बाबूजी, छकुली सारखी खोकलते. तिच्या वर्गातली निम्मी पोरं खोकलतात. कुठून तरी सुरुवात करावी लागेलच ना."

नातीच्या खोकल्यापुढे दिल्लीचं चुकलं असं म्हणायला ग्यानीरामांना जागा उरली नाही. पण चांगली धडधाकट गाडी भंगारात जाणार, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. "इकडे आन तिले," ते शेवटी म्हणाले. "आपल्याकडे जागा आहे."

सुट्टीत लोकेंद्र स्वतः गाडी चालवत आला. दिल्लीचा ना-हरकत दाखला आणला, गोंदियाच्या आरटीओत खेटे घातले आणि गाडीला एमएच ३५ ची पाटी लावून पुन्हा दिल्लीला गेला. ग्यानीरामांना ट्रॅक्टर येत होता. त्यांनी गाडीही ट्रॅक्टरसारखीच चालवली, म्हणजे स्टिअरिंग छातीशी कवटाळून, आणि नांगराचं तास सरळ पडतंय की नाही हे बघावं तसं दर थोड्या वेळाने मागे वळून बघत.

त्यांची बायको शकुंतलाबाई मात्र अजून गाडीत बसल्या नव्हत्या. त्यांचे गुडघे गेले होते. त्यामुळे तीन वर्षं जवळच्याच प्रतापगडची महाशिवरात्रीची जत्रा चुकली होती, आणि त्याआधीच्या सगळ्या जत्रा बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत नाहीतर टेम्पोत लोंबकळत झाल्या होत्या.

"औंदा तुले गादीवर बसवून नेतो," ग्यानीरामांनी सांगितलं. "पार गडाच्या पायथ्याशी."

"पाहू," शकुंतलाबाई म्हणाल्या. त्या एका शब्दात चाळीस वर्षांच्या आश्वासनांचा अनुभव होता. "पन पयल्यांदा बसीन तं देवाच्या कामालेच बसीन. आन आपल्या दारातून बसीन. साऱ्या मोहल्ल्यानं पाहावं."

ग्यानीरामांनी हे फार मनावर घेतलं. इतक्या वर्षांत बायकोने काही मागितलं होतं असं त्यांना आठवेना, आणि हे आठवेना याचीच त्यांना लाज वाटली.

इकडे गाव थट्टेला टपलेलंच होतं. पानठेल्यावरच्या टेकचंदने गाडीचं बारसं करून टाकलं, 'दिल्लीची नारबोद'. नाव चपखल बसलं, हे ग्यानीरामांनाही मनातल्या मनात कबूल करावं लागलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पळसाच्या फांद्यांची नारबोद करून, "खासी, खोकला, रोगराई घेऊन जाय री नारबोद" असा गलका करत नवाटोला तिला शिवेबाहेर नेऊन जाळतो. दिल्लीने तरी वेगळं काय केलं होतं? खोकल्याच्या नावाने गाडीला शिवेबाहेर काढलं होतं. फरक इतकाच, की दिल्लीची शीव थेट नवाटोल्यात येऊन पडली होती.

आणि त्याच वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, टेकचंद ग्यानीरामांच्या दारात उभा राहिला. नारबोद न्यायचा ट्रॅक्टर चालू होत नव्हता. "काका, तुमची गाडी द्या ना. गावाची शोभा होईन."

शोभा हा शब्द त्याने बरोबर जागी टाकला. कालपर्यंत जिला हसत होते तिलाच आज मानाने बोलावतायत म्हटल्यावर ग्यानीराम असे फुलले, की पुढचं मागचं काही सुचलंच नाही. नारबोद टपावर चढली, दोरीने आवळली गेली. पोरं ओरडत होती, ढोल वाजत होता आणि ग्यानीराम प्रत्येक घरापुढे हॉर्न वाजवत होते. शिवेवर नारबोद उतरवली, पेटवली. ग्यानीरामांनी समाधानाने गाडी वळवली, तर समोर काठी आडवी धरून धुरपताबाई उभ्या.

धुरपताबाई म्हणजे ग्यानीरामांच्या काकी. वय कोणाला ठाऊक नाही, त्यांना स्वतःलाही नाही. गावात कुठला विधी कसा करायचा याचा शेवटचा शब्द त्यांचा.

"कोठी चालला?"

"घरी, काकी."

"तू ये. गाडी नाही येनार. नारबोदीसंगं गेली ते वस्तू परत गावात येत नाही."

"मंग हे एवढे मानसं गेले ते?"

"मानसं आंघोय करून येतेत."

"गाडीलेबी आंघोय घालतो ना!"

"मानसं नारबोदीले पोचवाले गेले. गाडी तिची सवारी होती. ट्रॅक्टरवर नेत होते तं दर साली तो आठ दिवस वावरात उभा राहे, देवाची पूजा करून मंग नांगराले लागे. तो वावरातच राहते, घरी येत नाही. तुह्या गाडीले मी घरात नाही घेऊ देत."

ग्यानीरामांनी टेकचंदकडे बघितलं. टेकचंद पाऊस येतो का ते आभाळात बघत होता.

झालं. गाडी दिल्लीच्या शिवेवरून सुटली आणि नवाटोल्याच्या शिवेवर अडकली. आखरावर, म्हणजे शिवेलगतच्या गुरं जमायच्या मोकळ्या जागेत, मोहाच्या झाडाखाली ताडपत्री ओढून ती उभी राहिली. कोणी म्हणेल, म्हातारीचं ऐकायचं कशाला? असं म्हणणाऱ्याने एकदा गावात राहून दाखवावं. गाडी आत आणली असती आणि पुढे कोणाला साधी शिंक आली असती, तर ती ग्यानीरामांच्या नावावर जमा झाली असती.

ते रोज सकाळी जाऊन गाडी चालू करायचे, बॉनेटवरच्या शेळ्या हाकलायचे, काचा पुसायचे आणि पायी परत यायचे. फार वाईट वाटायचं त्यांना. नारबोदीला नेताना वाजवलेला एकेक हॉर्न आता आठवायचा आणि कानशिलं गरम व्हायची.

"गाडी कशी चालते, बाबूजी?" लोकेंद्र फोनवर विचारायचा.

"उभी चांगली राहते," ग्यानीराम सांगायचे.

धानाची कापणी झाली, मळणी झाली, थंडी सरत आली. महाशिवरात्र तोंडावर आल्यावर त्यांनी चाचरत विषय काढला. "लोकेंद्रची माय, शेजारच्या चैतरामच्या बैलगाडीनं तुले आखरापर्यंत नेतो. तेथून गाडीत बस."

"दारातून बसीन म्हटलं होतं."

"माह्यानं चूक झाली ना वो."

शकुंतलाबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त "पाहू" म्हणाल्या आणि निवडायला घेतलेल्या तांदळात पुन्हा बोटं फिरवू लागल्या. त्या दिवशी ग्यानीरामांना जेवण गोड लागलं नाही.

महाशिवरात्रीच्या सकाळी ते आंघोळ करून आले, तर घरात बायको नाही. शेजारी विचारलं, गोठ्याकडे बघितलं. मग चैतरामचा रिकामा छकडा आखराकडून येताना दिसला. तसेच, ओल्या केसांनी, ते शिवेकडे धावले.

ताडपत्री बाजूला पडली होती. मागच्या सीटवर शकुंतलाबाई ताठ बसल्या होत्या. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, हातात नवा चुडा आणि डोक्यावरून पार नाकापर्यंत पदर.

"काकीले बोलवा," पदराआडून आवाज आला.

बोलवायची गरज पडली नाही. नवाटोल्यात अशा बातमीला पाय फुटतात. निम्मं गाव आखरावर आलं आणि सगळ्यांच्या पुढे काठी टेकत धुरपताबाई.

"काय व शकुंतला, काय चाललं हे?"

"काकी, मी नवाटोल्यात पयल्यांदा आली तवा कायनं आली होती?"

"बैलगाडीनं."

"ते बैलगाडी माह्या माहेरची होती. कोठून फिरून आली, काय भरून आली, तुमी विचारलं होतं?"

धुरपताबाईंनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"शिवेवर थांबवली. तुमी लोटा घेऊन आल्या, चाकावर पानी टाकलं आन म्हटलं, सून ज्या गाडीत बसून येते ते गाडी घरची. म्हटलं होतं का नाही?"

"म्हटलं होतं," म्हातारी सावकाश म्हणाली. तिच्या तोंडचं वाक्य चाळीस वर्षांनी तिच्याच दारात येऊन उभं राहिलं होतं.

"मंग सून बसली आहे. टाका पानी. नाहीतं मी इथंच राहीन. ग्यानीराम डबा आनून देतीन."

नवऱ्याचं नाव! शकुंतलाबाईंनी साऱ्या गावादेखत नवऱ्याचं नाव घेतलं होतं. टेकचंदने तोंडातलं पान गिळलं. ग्यानीरामांना कुठे बघावं कळेना.

धुरपताबाईंनी काठीने गाडीचं एक चाक ठोकून बघितलं. मग टेकचंदकडे वळून खेकसल्या, "पाहून काय राहिला? लोटा आन!"

चारही चाकांवर पाणी पडलं. म्हातारीने शकुंतलाबाईंच्या कपाळाला कुंकू लावलं, काठी आत टाकली आणि म्हणाली, "सरक. पयले माह्या दारी थांबव रे ग्यानी, चपला घ्याच्या आहेत. मलेबी प्रतापगड पाहाचा आहे. मंग हिले हिच्या दारात उतरव, आन तेथून बसव. तिच्या मनासारखं होऊ दे."

ग्यानीराम स्टिअरिंगवर बसले. चाळीस वर्षांपूर्वी त्या बैलगाडीत ते असेच पुढे बसले होते. मागे नवी नवरी होती आणि साऱ्या गावादेखत वळून तिच्याकडे बघायची त्यांची छाती झाली नव्हती. आज समोर आरसा होता. त्यात शकुंतलाबाईंनी हळूच पदर मागे सारला. ग्यानीराम बघत राहिले, गाडी पहिल्या गिअरमध्ये डुलत राहिली आणि एक चाक रस्ता सोडून बांधाकडे निघालं.

"समोर पाहा ना जी," शकुंतलाबाई म्हणाल्या. "गाव आलं."