पाखऱ्याचा फोटो

स्वतःचं काही अडलेलं नसताना माणूस किती जीव तोडून भांडू शकतो हे पाहायचं असेल, तर माझ्या थोरल्या साडूंना भेटावं. निरगुडसरच्या पलीकडे त्यांचं गाव. तिथल्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, यात्रेला बैलगाडे पळतात, आणि सर्वांत कमी सेकंदांत घाट चढणारा गाडा त्या वर्षी 'घाटाचा राजा' ठरतो. तीनदा राजा ठरलेल्या बैलाचा फोटो यात्रा कमिटी सभामंडपाच्या भिंतीवर लावते. पाखऱ्या नावाचा बैल दोनदा राजा ठरला आणि शर्यतींवर बंदी आली. बंदी उठली तेव्हा तो म्हातारा होऊन गोठ्यात बसला होता. त्याचा फोटो लावलाच पाहिजे, म्हणून साडूंनी सगळ्या तालुक्याचं डोकं खाल्लं आहे. बैल त्यांचा नाही. ज्याचा आहे त्या भावकीतल्या माणसाशी त्यांची बोलचालही नाही.

साडूंच्या खिशात कायम घड्याळ असतं, सेकंद मोजायचं. घोडेगावच्या एसटीने चढ किती वेळात काढला हे ते कंडक्टरला तोंडावर सांगतात आणि वर पाखऱ्याने काय केलं असतं तेही ऐकवतात. तहसील कचेरीत सातबारा काढायला गेले आणि बंदीची वर्षं धरायची की नाही यावर क्लार्कशी वाद घालून सातबारा न घेताच परतले. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात तर त्यांनी व्याह्यांना पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी पाखऱ्याबद्दल त्यांचं मत विचारलं. व्याही बिचारे नगर वाचनालयात नोकरीला, त्यांनी नियम म्हणजे नियम असं काहीतरी म्हटलं. साडू पंगतीत त्यांच्याकडे पाठ करून जेवले. माझी बायको आजही तो विषय काढून मलाच बोलते, जणू बंदी मी आणली होती.

गेल्या यात्रेआधी कमिटीच्या बैठकीला ते मला ओढून घेऊन गेले. तासभर तावातावाने बोलले. पळून हरला असता तर गोष्ट वेगळी, पळूच दिलं नाही त्याची शिक्षा बैलाला का, असं त्यांचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटलं आणि समोरच्या जांभया पाहून माझंही डोकं तापलं. शेवटी अध्यक्ष कंटाळून म्हणाले, "भाऊ, पाखऱ्याचं ऱ्हाऊ द्या. तुमच्या सोन्याचा लावू आमी. मग तर झालं?"

सोन्या म्हणजे साडूंचा स्वतःचा बैल. पाखऱ्या राजा झाला त्या दोन्ही वर्षी दुसरा आलेला, आणि बंदीच्या काळातच गेलेला. सोन्याच्या नावाने आजही जे हळवे होतात, ते साडू आता पाघळणार असं मला वाटलं. साडू उठले. "दुसऱ्याचा लावताय आन् पयल्याचा न्हाई," एवढंच म्हणाले आणि समोरचा चहा तसाच टाकून बाहेर पडले.

परतताना ते माझ्या मोटारसायकलवर मागे बसले. घरी सोन्याचा एवढा एक फोटो आहे, गुलालातला, तो लावू द्यायचा होता, असं मी जरा चिडूनच म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पावणं, आमचा सोन्या दोन्ही टायमाला जीव खाऊन पळाला, तरी पाखऱ्याच्या मागंच ऱ्हायला. उद्या लोक म्हणतील, पाखऱ्या कोणच नव्हता. मंग आमचा कोणाला हरला वो?"

घर येईपर्यंत हात खांद्यावर तसाच होता.