टाचणीराव फाइल उघडतात

पाणीपुरवठा खात्यातले टाचणीराव फायलींच्या बाबतीत भलतेच मानी. कॉलरमागे कायम टाचण्या खोचलेल्या, म्हणून हे नाव. पुढे खात्याच्या मेनफ्रेमवर, म्हणजे खोलीभर पसरलेल्या त्या थंडगार, जुन्या संगणकावर माणूस हवा होता आणि साहेबांनी यांनाच शिकायला बसवलं. पास झाले तर त्या खोलीत कायमची खुर्ची. नाहीतर पुन्हा तक्रार खिडकीवर उभं राहून लोकांची बोलणी खायची. गुडघे आधीच कुरकुरत होते.

शिकवायला लेकीच्या वयाची बाई. तिने सांगितलं, नावाला किती अक्षरं, पत्त्याला किती, हे मशीनला आधी सांगून ठेवायचं. त्या मापात मावेल तेवढंच ते घेतं. टाचणीरावांनी हा कायदा घरी लागू केला. कुठल्या डब्यात काय, किती भरणार, ते म्हणे आधी जाहीर कर. बायको म्हणाली, "तुमच्या पोटाचं माप सांगा आधी, मग डब्यांचं बघू."

पुढचा धडा फाइल उघडण्याचा. शेवटी भर घालायची तर 'एक्स्टेंड' म्हणून उघडायची. 'आउटपुट' म्हणून उघडली की आधीचं सगळं जातं आणि फाइल नव्याने सुरू होते. टाचणीरावांनी हे या कानाने ऐकलं नि त्या कानाने सोडलं. उघडायची ती उघडायची, त्यात प्रकार कसले? उघडल्यामुळे आतले कागद नाहीसे झालेली फाइल त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

परीक्षेला काम सोपं दिलं: नळाच्या तक्रारींच्या फाइलला एक नवी तक्रार जोडायची. लिहायचंच आहे ना, म्हणून टाचणीरावांनी 'आउटपुट' घातलं. मशीनने हूं की चूं केलं नाही. यादी छापून आली, तेव्हा अख्ख्या शहराची मिळून एकच तक्रार उरली होती.

साहेब यादी बघून हरखले. वर्षानुवर्षं जे कुणाला जमलं नाही ते या माणसाने एका सकाळीत करून दाखवलं, असं त्यांनी टेबलाटेबलाला ऐकवलं आणि पास असा शेरा लिहायला पेन उघडलं. इकडे टाचणीरावांना ती यादी बघवेना. त्या फाइलीत एक आजी होत्या, दर सोमवारी खिडकीशी येणाऱ्या. त्यांचा नळ कोरडा, आणि मशीनच्या लेखी आता तो धो धो वाहत होता. देव बघतोय, हे माणसाला नेमकं नको त्या वेळी आठवतं.

"साहेब, तक्रारी मिटल्या नाहीत. माझ्याकडून पुसल्या गेल्या."

साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. "पुसल्या काय नि मिटल्या काय, वर आकडाच जातो ना? गप्प बसा की."

"सोमवारी आजी येतील. त्यांना काय सांगायचं?"

"तेव्हा खिडकीवर तुम्ही थोडेच असणार?"

टाचणीराव क्षणभर त्या खुर्चीकडे बघत राहिले. मग तडक शिकवणाऱ्या बाईकडे गेले. तिने टेपवर जपून ठेवलेली कालची प्रत पुन्हा चढवली आणि शहराची सगळी गाऱ्हाणी सुखरूप परतली. साहेबांनी शेरा मारला: फाइल हाताळता येत नाही. शेऱ्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, त्यामुळे भांडायचीही सोय उरली नाही.

सोमवारी आजींनी खिडकीशी येऊन त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. टाचणीराव छातीठोकपणे म्हणाले, "पाण्याचं माहीत नाही, आजी. पण तुमची तक्रार जागेवर आहे."