तुटका पूल, आधी की नंतर

आरमोरीच्या ग्रामीण रुग्णालयात संघप्रिया मेश्राम प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून लागली, त्याला आता नऊ वर्षं झाली. गावात तिला सगळे लॅबवाल्या मॅडम म्हणतात. बोटाला सुई टोचताना ती लेकरांशी असं काही बोलत राहते की लेकरू रडायचं विसरून तिच्या तोंडाकडे पाहतं. अहवाल लिहिताना मात्र तिच्याशी कोणी बोललेलं तिला खपत नाही. एकदा एका पुढाऱ्याचा माणूस 'साखर थोडी कमी लिहा' म्हणून आला, तर तिनं त्याच्यासमोर दुसऱ्यांदा तपासणी केली आणि तोच आकडा पुन्हा लिहून दिला.

याच बाईला ओर्वेनचं वेड आहे हे रुग्णालयात कोणाला ठाऊक नव्हतं.

ओर्वेन ही व्हिडिओ गेमची मालिका. तेव्हा पाच भाग निघाले होते. राजे, जादूगार, शापित खोरी, बोलणारे पक्षी असा सगळा मामला. तिचा धाकटा भाऊ नागसेन हैदराबादला नोकरीला गेला तेव्हा गेमचं यंत्र घरीच टाकून गेला. त्या वर्षी संघप्रियाला टायफॉइड झाला, महिनाभर घरात पडून राहावं लागलं, आणि वेळ जाईना म्हणून तिनं ते टीव्हीला जोडलं. महिनाभरानं ताप गेला, ओर्वेन राहिलं.

ओर्वेनची एक गोची आहे. कुठला भाग कधी घडतो हे बनवणाऱ्यांनी कुठंच सांगितलेलं नाही. पहिल्या भागात सेलम खोऱ्यातला मोठा दगडी पूल तुटलेला आहे. तिसऱ्या भागात तोच पूल धडधाकट उभा आहे. मग तिसरा भाग पहिल्याच्या आधीचा, पूल तुटायचा होता तेव्हाचा? की नंतरचा, पूल पुन्हा बांधल्यावरचा? जगभरच्या चाहत्यांनी यावर हजारो पानं लिहिली आहेत. विदर्भातल्या चाहत्यांचा फोनवर एक ग्रुप होता, दीडशेक लोकांचा. त्यातही हेच चालायचं. आधीवाले आणि नंतरवाले, असे सरळ दोन तट.

संघप्रिया नंतरवाल्यांची म्होरकी. आधीवाल्यांचा म्होरक्या होता गोंडपिपरीचा प्रणित चौधरी. त्याची धान भरडायची गिरणी. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण तीन वर्षं रोज भांडत होते. सकाळी तिनं मुद्दा टाकावा, दुपारी गिरणी थांबली की त्यानं तो खोडावा. तिला दिवसात एवढ्या गोष्टी कराव्या लागत, पण प्रणितचं उत्तर आलं की नाही हे पाहिल्याशिवाय तिला डबा गोड लागत नसे.

आई गिरजाबाई हे पाहत असायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "काऊन वं, थो पूल खरा आहे का कुठी?"

"नाई आई. गेममधला आहे."

"आन् तुटला बी गेममधीच?"

"हो."

"मंग भांडता काऊन? ज्यानं बनवला त्यालेच इचारा ना."

"तो सांगत नाही ना."

"मंग त्याले बी मालूम नसन," गिरजाबाई म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात संघप्रियानं वाद निकालात काढला. पुलाचे चाळीसेक फोटो तिनं पडद्यावरून टिपले आणि मोठे करून दाखवलं की तिसऱ्या भागातल्या पुलाच्या मधल्या दोन कमानींचे दगड वेगळ्या रंगाचे आहेत. काठावरचे काळे, मधले पिवळट. म्हणजे मधला भाग नवा. म्हणजे पूल तुटला होता आणि पुन्हा बांधला. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. ग्रुप चालवणारी नागपूरची साक्षी म्हणाली, ताई, आता यावर कोणी बोलायचं नाही.

प्रणित बोलला. त्यानं लिहिलं, "मॅडम, पुलाची डागडुजी काय एकदाच होते का? आमच्या नाल्यावरचा पूल तीनदा बांधला. दगड वेगळा म्हणून हाच तुटला होता, हे कसं?"

प्रश्न बरोबर होता. पण टाळ्या वाजत असताना बरोबर प्रश्न कोणाला आवडतो? संघप्रियानं लिहिलं, "प्रणितभाऊ, गिरणीतला कोंडा डोळ्यात गेला असन तुमच्या. आधी तोंड धुऊन या, मग दगड दिसतील."

ऐंशी-नव्वद जण हसले. हसणारी तोंडं फोनवर रांगेनं उमटत गेली. संध्याकाळी एक बारीक ओळ आली: प्रणित चौधरी ग्रुपमधून बाहेर पडले.

तिला वाटलं, येईल चार दिवसांत. तो आला नाही. ग्रुपवर तिचं म्हणणं कायम झालं, नव्या माणसाला साक्षी तोच लेख वाचायला द्यायची. आणि गंमत अशी की जिंकल्यापासून संघप्रियाला तिथं बोलायला काही उरलंच नाही. डबा खाताना ती फोन उघडायची आणि बंद करायची. दोनदा तिनं प्रणितला लिहायला घेतलं. पण काय लिहायचं? मी बरोबर होते, पण तसं बोलायला नको होतं, असं? ते माफी मागण्यापेक्षा टोमण्यासारखंच वाटत होतं. तिनं ते पुसून टाकलं.

गेल्या मार्चमध्ये सिकलसेलच्या तपासणीसाठी तिच्या पथकाला एटापल्लीकडच्या एका गावात पाठवलं. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. रिना नावाची एक मुलगी आपल्या आजोबांना घेऊन आली. तिची तपासणी झाली. मग आजोबांचा फॉर्म भरायला घेतला. नाव लालसू. वय?

आजोबा हसले. "वय नाई मालूम, बाई."

"आधारवर काय लिहिलंय?"

"ते मास्तरनं लिवलं. त्याच्या मनानं," रिना म्हणाली. "एक जानेवारी."

संघप्रियाला अंदाजानं आकडा टाकायला आवडत नसे. तिनं पेन खाली ठेवलं. "दादा, जन्माच्या वेळचं काही आठवते? आईनं सांगितलेलं?"

लालसूदादांनी थोडा विचार केला. "मी आईच्या पोटात होतो त्या साली बांबू फुलला. आईनं बांबूच्या तांदळाची पेज खाऊन मले जन्म दिला. मग ही नात झाली, त्या साली पुन्हा फुलला."

"मधे नाही फुलला?"

"मधे कसा फुलन?" म्हातारा तिच्याकडे असा पाहायला लागला की जणू तिनं सूर्य रोज उगवतो का असं विचारलं. "माणूस आजा होईपर्यंत थांबते तो. चाळीस साल, पंचेचाळीस साल. आन् फुलला की मरते. एकटा नाई, पूर्ण पहाड मरते. दोन पावसाळे वाळकाच उभा राह्यते. खाली त्याचे पोरं उगवतात, गुडघ्याएवढे. मग वरचा पडते आन् पोरं मोठे होतात."

रिना तेवीस वर्षांची होती. संघप्रियानं पंचेचाळीस आणि तेवीस मिळवले, अडुसष्ट लिहिलं, आणि तिचा हात तसाच कागदावर थांबला. पहाड वाळलेला, खाली गुडघ्याएवढी रोपं. हे तिनं पाहिलं होतं. जंगलात नव्हे, सेलम खोऱ्यात.

"बाई, सुई टोचा ना," लालसूदादा म्हणाले, तेव्हा ती भानावर आली.

रविवारी सकाळी आईला चहा देऊन तिनं यंत्र लावलं. पहिला भाग, तुटका पूल, पलीकडची टेकडी. टेकडीवर पिवळे, वाळलेले वेळू उभे. सगळे चाहते त्याला शापित वन म्हणायचे. तिनं पहिल्यांदाच खाली पाहिलं. मुळाशी हिरवी कोवळी रोपं, नायकाच्या गुडघ्याला लागतील अशी. मग तिनं तिसरा भाग लावला. पूल उभा, तीच टेकडी, आणि वेळूंच्या शेंड्यांवर तपकिरी झुबके लोंबतायत. दहा वेळा त्या वाटेनं गेली होती ती. ते झुबके तिला नुसती नक्षी वाटले होते.

तिसऱ्या भागात वेळू फुललाय. पहिल्या भागात तो मरून वर्ष-दोन वर्षं झालीत. तिसरा भाग नंतरचा असता, तर वेळू पुन्हा फुलायला चाळीस वर्षं जायला हवी होती. आणि दोन्ही भागांत होरान नावाडी तोच, काळ्याभोर केसांचा. चाळीस वर्षांत त्याचा एक केस पिकला नाही? शक्य नाही. तिसरा भाग आधीचा. पूल तेव्हा तुटलाच नव्हता. मधले पिवळट दगड कुठल्यातरी जुन्या डागडुजीचे.

प्रणित बरोबर होता.

हे कोणालाच माहीत नव्हतं. तिनं सांगितलं नसतं तर कोणाला कळणारही नव्हतं, निदान लवकर तरी. तिच्या नावाचा लेख तसाच राहिला असता. गिरजाबाईंनी विचारलं, "काय झालं वं? हारली का?"

"हो आई. दोन वर्षांपूर्वीच हारली होती. आज कळलं."

दुपारपर्यंत तिनं सगळं लिहून काढलं. फोटो लावले. पहिली ओळ अशी होती: माझा पुलाचा लेख चुकीचा आहे, प्रणित चौधरींचा प्रश्न बरोबर होता आणि मी त्यांना जे बोलले ते वाईट बोलले. लालसूदादांचं नाव तिनं त्यांना न विचारता घातलं नाही, 'एटापल्लीकडचे एक जाणते आजोबा' एवढंच लिहिलं.

ग्रुपवर गदारोळ झाला. नंतरवाले चिडले. एकानं लिहिलं, गेम बनवणाऱ्यांना बांबू कधी फुलतो हे कुठून माहीत असणार, ताई? तिनं उत्तर दिलं, नसेलही, पण रोपं त्यांनी काढलीत, मी नाही. साक्षीनं जुना लेख काढून टाकला.

पण ज्याला कळायला हवं तो तिथं नव्हता. फोनवर लिहून पाठवणं तिला बरं वाटेना. चारचौघांत जे बोललं ते निदान तोंडासमोर जाऊन मागं घ्यावं. पुढच्या शनिवारी सुट्टी टाकून ती निघाली. गडचिरोलीला बस बदलली, आष्टीला पुन्हा बदलली, वैनगंगेचा पूल ओलांडून गोंडपिपरीला उतरली तेव्हा अकरा वाजून गेले होते. चौधरींची गिरणी कुठं हे पानठेल्यावर विचारलं.

गिरणी चालू होती. दारात एक बाई पोत्याचं तोंड शिवत होती. "कोन पाह्यजे?"

"प्रणितभाऊ आहेत? मी आरमोरीहून आली. संघप्रिया."

बाईचा हात थांबला. तिनं वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. "कोंड्यावाल्या मॅडम तुमीच का?"

संघप्रियाचं तोंड उतरलं. "हो. मीच."

"मी चंचल. त्याची बायको." तिनं आत तोंड करून हाक मारली, "अहो, मशीन बंद करा. आरमोरीवाली आली."

प्रणित बाहेर आला. तिनं कल्पना केली होती त्यापेक्षा बराच मोठा, चाळिशीचा, भुवयांवर कोंडा बसलेला. तो तिला दिसला आणि तिला आपलं वाक्य पुन्हा आठवलं. तिनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. बांबू, झुबके, रोपं, नावाडी. शेवटी म्हणाली, "तुमचं बरोबर होतं. आणि मी जे बोलली ते गेमबद्दल नव्हतंच. तुमच्या कामाबद्दल होतं. माफ करा."

प्रणितनं गमछ्यानं तोंड पुसलं. "मॅडम, खरं सांगू? लोक हासले त्याचं काई नाई. गिरणीवाल्याले लोक हासतेच. पन तुमी हासान असं वाटलं नव्हतं. तीन साल मी तुमच्याशीच बोलून राह्यलो होतो, बाकीच्याइशी नाई."

चंचलनं खुर्ची पुढं केली, पाणी आणलं, जेवूनच जायचं म्हणून दम भरला.

"ग्रुपमध्ये परत या," जेवताना संघप्रिया म्हणाली.

"नाई. आता नाई येत. मले तिथी बरं नाई वाटनार." त्यानं ते रागानं म्हटलं नाही. मग भाताचा घास हातातच ठेवून तो म्हणाला, "पन तुमच्या बांबूत एक भोक आहे. दुसऱ्या भागात ती टेकडी हिरवीगार आहे ना? मंग दुसरा कुठी बसवता?"

"पहिल्याच्या वीस वर्षं पुढं. रोपं मोठी झाली."

"आन् राणी?"

"राणीचं काय?"

"दुसऱ्यात ती सोळा सालची आहे, मॅडम. पहिल्यात तीस."

संघप्रिया उष्ट्या बोटांवरच वर्षं मोजायला लागली. चंचल हसायला लागली. "झालं सुरू! आता संध्याकाळपावतर हेच."

हिशेब लावता लावता दुसरा भाग फुलोऱ्याच्याही आधी गेला, राणी सोळाची असतानाचा, आणि तो तिथं नीट बसला. साडेतीनच्या बसनं ती निघाली. नंबर घेतला होता.

त्यानंतर दोघांचं भांडण पुन्हा रोजचं झालं, ग्रुपबाहेर. चंचलही अधूनमधून मध्ये पडते, कारण गेम तिनंही खेळून पाहिला आणि तिचं मत तिसरंच निघालं. अहवाल विचारायला रिनाचा एकदा फोन आला होता तेव्हा संघप्रियानं लालसूदादांना लेखाचं सांगितलं आणि नाव टाकू का विचारलं. त्यांनी टाका म्हटलं, पण गेममधला राजा कोणत्या गावचा ते आधी विचारून घेतलं.

यंदा ओर्वेनचा सहावा भाग आला. सेलम खोरं त्यात नाहीच. सगळी गोष्ट समुद्रकाठची. पहिल्याच प्रसंगात भरती आहे की ओहोटी यावर काळाचा सगळा डोलारा उभा आहे, असं प्रणितचं म्हणणं, आणि संघप्रियाला ते अजिबात मान्य नाही. अडचण एवढीच, की दोघांपैकी कोणीही समुद्र पाहिलेला नाही. रुग्णालयात नव्या लागलेल्या परिचारिकेचं माहेर रत्नागिरीचं आहे असं संघप्रियाला परवा कळलं. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन तिच्याकडे गेली, शेजारी बसली, आणि म्हणाली, "पुनम, मला एक सांग, पाणी मागं गेलं की वाळूवर नेमकं काय काय राहतं?"